ऊसतोडीतली उचल, वेठबिगारी आणि मानवी तस्करी : तीन संस्थांनी मिळून अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून?

गाळप_नोंद :

नमस्कार मंडळी. बीड, जालना आणि अहिल्यानगरमधून पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगाव पट्ट्यात तोडीला जाणाऱ्या मजुरांमध्ये उचलीच्या (हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेच्या) जोरावर वेठबिगारी आणि तस्करी किती होते, याचा दोन हंगामांचा अभ्यास आखतो आहोत. भागीदार तीन : विद्यापीठाचा एक विभाग, मजुरांची एक संघटना आणि सुटका-पुनर्वसनाचं काम करणारी एक संस्था. संस्थेकडे केस फायली आहेत, संघटनेकडे गावोगावच्या ओळखी, विभागाकडे संख्याशास्त्र.

अडचण अशी की 'तस्करी' म्हटलं की तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळी चित्रं येतात. मग मोजायचं कोणाला? मुलाखती फडावर (तोड चालू असलेल्या शेतात) घ्यायच्या की गावी, आणि किती? फायलींचा उपयोग कसा करावा? मुलाखत चालू असताना कोणी "आम्हाला इथून सोडवा" म्हणालं तर काय? आणि तिघांमधल्या करारात काय लिहून ठेवावं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मसुदेकार :

व्याख्येचं आधी बघा, बाकीचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. एकच शब्द निवडायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक मजुराच्या नोंदीत तीन रकाने ठेवा आणि तिन्हींचे आकडे वेगवेगळे छापा.

पहिला रकाना वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याचा. मोजायला हाच सर्वांत सोपा. उचल (किंवा वाडवडिलांचं देणं, किंवा जातीमुळे आलेलं बंधन) आणि तिच्यापायी चारपैकी कोणताही एक परिणाम झाला की पुरे : बिनमजुरी किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागणं, दुसरीकडे काम धरण्याचं स्वातंत्र्य जाणं, हिंडण्याफिरण्याचं स्वातंत्र्य जाणं, आपला माल किंवा श्रम बाजारभावाने विकण्याचा हक्क जाणं. 'नाममात्र' म्हणजे किमान वेतनापेक्षा कमी. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हे घटनेच्या कलम २३ खालचं सक्तीचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं आहे. तेव्हा मजुरीचा हिशेब प्रश्नावलीत नसेल तर हा रकाना अर्धा रिकामाच राहील.

दुसरा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ चा (जुन्या भारतीय दंड संहितेचं, म्हणजे भादंविचं, ३७०). यात कृती, साधन आणि हेतू या तिन्ही गोष्टी दिसाव्या लागतात. भरती केली, नेलं किंवा ठेवून घेतलं. धमकी, बळ, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी काही वापरलं. आणि हेतू शोषणाचा होता. मजुराची संमती होती, हा बचाव चालत नाही.

यात दोन खाचा आहेत. पालेर्मो करारात (मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा, २००० चा; भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिलं) 'असहाय परिस्थितीचा फायदा घेणं' हे स्वतंत्र साधन आहे, १४३ मध्ये हे शब्द नाहीत. दुष्काळाच्या साली मिळेल त्या अटीवर उचल घेतलेलं जोडपं पालेर्मोत बसेल, १४३ मध्ये बसेलच असं नाही. दुसरी खाच मुलांची. पालेर्मोत अठराच्या आतल्या मुलासाठी साधन सिद्ध करायची गरजच नाही. १४३ मध्ये तशी सूट लिहिलेली नाही. म्हणून मुलांच्या नोंदींना दोन्ही नियम लावून दोन्ही आकडे ठेवा.

तिसरा रकाना आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सक्तीच्या श्रमाच्या व्याख्येचा : काम अनिच्छेने, आणि न केल्यास दंडाची भीती. याचं मोजमाप कसं करावं याची मार्गदर्शक तत्त्वं श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने २०१८ मध्ये मंजूर केली आहेत. परदेशातल्या अभ्यासांशी तुलना करायची असेल तर हा रकाना लागेलच.

व्याख्या आणि पद्धत बदलली की काय होतं ते ग्लोबल स्लेव्हरी इंडेक्समध्ये (देशोदेशी किती माणसं गुलामीसारख्या स्थितीत आहेत याचा अंदाज देणारा अहवाल) बघा. भारताचा आकडा २०१४ ला सुमारे १.४३ कोटी, २०१६ ला १.८३ कोटी, २०१८ ला ८० लाख, २०२३ ला १.१ कोटी. दोन वर्षांत एक कोटी माणसं मोकळी झाली असं कोणी म्हणणार नाही, बदलली ती मोजपट्टी. तुमच्या दोन हंगामांत असं व्हायला नको असेल तर कोणत्या उत्तराला कोणता रकाना, हे पहिल्या मुलाखतीआधी लिहून ओएसएफसारख्या (संशोधन आराखडे जाहीर नोंदवायचं संकेतस्थळ) ठिकाणी तारखेसह नोंदवा.

शंभरातले_किती :

फड की गाव, याचं माझं उत्तर गाव. फडावर मुकादम (टोळी जमवून आणणारा मध्यस्थ) पाच हातांवर उभा असतो, कोप्या (मजुरांच्या झोपड्या) कारखान्याच्या किंवा शेतकऱ्याच्या जागेत असतात आणि मजूर पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत मोकळा नसतो. तिथे मिळालेलं "सगळं बरं आहे" हे उत्तर मुकादमाचं समजा.

गावाचाही एक दोष आहे आणि तो मोठा आहे. ज्यांना परत येऊ दिलं नाही, जे पळून तिसरीकडे गेले, जे वारले, ते गावच्या यादीत सापडतच नाहीत. नेमकी ज्यांची अवस्था सर्वांत वाईट तीच माणसं गळतात. म्हणून दोन फेऱ्या हव्यात. पहिली दसऱ्याच्या आगेमागे, टोळ्या निघायच्या आधी : निवडलेल्या वस्त्यांतलं प्रत्येक घर, कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून वाहणारे) की गाडी सेंटर (बैलगाडीवाले) की ट्रॅक्टर. दुसरी पाडवा ते अक्षय तृतीयेनंतर, परतल्यावर. पहिल्या यादीतला जो दुसऱ्या फेरीत दिसला नाही त्याच्याबद्दल घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना विचारायचा छोटा वेगळा फॉर्म ठेवा. "स्थलांतरित, उपलब्ध नाही" असं लिहून ती नोंद बंद करू नका.

आता किती. समजा प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे आणि तुम्हाला अधिक-उणे ५ टक्के अचूकता हवी. साध्या यादृच्छिक नमुन्याला २४६ मुलाखती पुरतात. पण ऊसतोडीत एकटं-दुकटं कोणी जात नाही, टोळी जाते. एका टोळीचा मुकादम एक, उचलीच्या अटी एक, कारखाना एक. त्यामुळे एकाच टोळीतल्या दहा जणांना विचारून दहा जणांची माहिती मिळत नाही. टोळीतलं साम्य (एका टोळीतल्यांची उत्तरं एकमेकांसारखी असण्याचं माप; १ म्हणजे अगदी एकसारखी) ०.३ धरा. दर टोळीत १२ मुलाखती घेतल्या तर नमुना ४.३ पट वाढतो, म्हणजे १,०५८ मुलाखती, ८८-८९ टोळ्या. दर टोळीत ६ घेतल्या तर २.५ पट, ६१५ मुलाखती, १०३ टोळ्या. दर टोळीत ३ च घेतल्या तर १.६ पट, ३९४ मुलाखती, १३१-१३२ टोळ्या. टोळ्या वाढवा, टोळीतली माणसं कमी करा. गाडीखर्च वाढेल पण मुलाखती जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतील. वर नकार आणि गळतीसाठी किमान १० टक्के जास्त.

हे ०.३ मी उदाहरणासाठी धरलं आहे. तुमचा आकडा पायलटमधून (आधीच्या छोट्या चाचणी-फेरीतून) काढा, १५ टोळ्या आणि दर टोळीत ४ मुलाखती एवढ्यावर अंदाज येतो.

'एकाने दुसऱ्याचं नाव सुचवायचं' ही साखळी पद्धत इथे टाळा. ती जिथे यादीच बनवता येत नाही तिथली पद्धत आहे. तुमच्याकडे गाव आहे, वस्ती आहे, घर आहे. संघटनेच्या कार्यकर्त्याने "या घरी चला, यांच्यावर फार अन्याय झालाय" म्हणून नेलं की नमुना गेला. कार्यकर्त्याला वस्तीत ओळख करून द्यायला न्या, घर निवडायला नको.

गाळप_नोंद :

खूप आभार. फायलींचं मात्र राहिलं. संस्थेच्या फायली, पोलिसांचे गुन्हे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची मुक्त मजुरांची यादी, या तिन्ही जुळवून एकूण संख्या काढता येईल असं आमच्यातले एक जण म्हणतात. ब्रिटनमध्ये तसं केलं होतं ना?

शंभरातले_किती :

केलं होतं. २०१४ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने या पद्धतीने २०१३ साठी १० ते १३ हजार असा अंदाज काढला. तिथेही दोन-दोन याद्यांत सामाईक असलेली नावं फार थोडी होती आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. तुमच्याकडे काय होईल ते दोन यादींवर बघा. पहिल्या यादीत १२० नावं, दुसरीत ८०, दोन्हींत असलेली ६. अंदाज १२० गुणिले ८० भागिले ६, म्हणजे १,६००. जुळणी करणाऱ्याने दोन नावं चुकून वेगळी धरली की सामाईक उरली ४, अंदाज २,४००. दोन जास्तीची जुळवली की ८, अंदाज १,२००. चार नावांच्या घोळात आकडा दुप्पट. आणि आपल्याकडे नावांचा घोळ चारावर कधीच थांबत नाही : एका यादीत बाईचं माहेरचं नाव, दुसरीत सासरचं, एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे आडनावच नाही, वयं अंदाजाने लिहिलेली.

शिवाय या पद्धतीला याद्या एकमेकींपासून स्वतंत्र लागतात. सुटकेच्या प्रकरणांत संस्थाच पोलिसांना आणि प्रांतांना (उपविभागीय अधिकाऱ्यांना) घेऊन जाते, म्हणजे एका यादीत आला तो दुसरीत येणारच. अशा वेळी एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमी निघतो. माझ्या मते हा नाद सोडा.

फायलींचं मोल वेगळं आहे. शोषण कसं घडतं, उचल कशी फुगते, हिशेब कुठे बदलतो, कोण कोणाला फोन करतो, हे त्यांतून कळतं. प्रमाण मात्र त्यांतून काढू नका, कारण मदत मागायला पोचलेला मजूर हा सगळ्या मजुरांचा नमुना नसतो.

मसुदेकार :

सरकारी नोंदींबद्दल थोडी भर. 'क्राइम इन इंडिया' या केंद्राच्या वार्षिक गुन्हे अहवालात एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली एकदाच मोजणी होते. खून आणि तस्करी एकत्र असेल तर ते प्रकरण खुनात जातं. म्हणून नुसत्या १४३ च्या आकड्यावर जाऊ नका. माहिती अधिकारात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावरच्या एफआयआरमध्ये न्याय संहितेची १४६ (बेकायदा सक्तीचं काम), १२६ आणि १२७ (अटकाव आणि डांबून ठेवणं), १३७ आणि १४० (अपहरण), १९७६ च्या कायद्याची कलमं आणि जुन्या वर्षांसाठी त्यांची भादंविमधली जोडीदार कलमं, असं सगळं शोधा. आणि ३१८(४) विसरू नका, म्हणजे जुनं ४२०. "उचल घेऊन मजूर आला नाही" ही मुकादमाची तक्रार तिथे सापडते. एकाच भांडणाची एक बाजू फसवणुकीच्या गुन्ह्यात आणि दुसरी डांबून ठेवण्याच्या गुन्ह्यात, असं होऊ शकतं.

ई-कोर्ट्सवर (न्यायालयीन खटल्यांचं संकेतस्थळ) कायद्याच्या नावाने शोधताना लक्षात घ्या की १९७६ च्या कायद्याचे खटले कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढेही चालवता येतात. ते तहसील-प्रांत कार्यालयाच्या दप्तरात राहतात, ई-कोर्ट्सवर शून्य दिसलं म्हणून खटले शून्य नाहीत. त्याच कायद्याखालच्या जिल्हा आणि उपविभागीय दक्षता समित्यांच्या बैठकांची इतिवृत्तंही मागवा. बैठकच झाली नसेल तर ते उत्तरसुद्धा नोंदवण्यासारखं आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत संवेदनशील जिल्ह्याला तीन वर्षांतून एकदा सर्वेक्षणासाठी साडेचार लाख रुपयांची तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यांत ती कधी वापरली हेही त्याच अर्जात विचारून टाका.

कोपीबाहेर :

प्रश्नावलीबद्दल. "तुम्हाला जबरदस्तीने कामाला लावलं का?" हा प्रश्न काढून टाका. उचल घेतली म्हणजे फेडायची ही मजुराच्या लेखी शब्दाची आणि इज्जतीची गोष्ट असते, तो 'नाही' म्हणेल. घडलेलं विचारा. उचल किती, कोणत्या महिन्यात, किती हप्त्यांत. लिहून काय दिलं : चिठ्ठी, बाँड पेपर, कोरा चेक, आधार कार्ड? तो कागद आज कोणाकडे आहे? आठवड्याची खर्ची किती मिळाली आणि ती कशातून वळती झाली? टन कोणी मोजले, काट्याची पावती पाहिली का? खाडा किती दिवसांचा, कोणत्या कारणाने, कापला किती? शेवटचा हिशेब कधी, कोणापुढे, बाकी कोणाकडे? त्याच महिन्यात दुसऱ्या मुकादमाने बोलावलं असतं तर जाता आलं असतं का? गेला असता तर पहिल्यांदा कोणाच्या दारात माणसं आली असती? या शेवटच्या प्रश्नाला सर्वांत खरी उत्तरं मिळतात, कारण त्यात आरोप नाही.

तासांचा हिशेब तोडणीवर थांबवू नका. मोळ्या बांधणं, गाडी भरणं आणि रात्री गाडीची वाट बघत बसणं, हे सगळं धरा. नाहीतर किमान वेतनाची तुलना मालकाच्या बाजूने झुकते. तारखा आठवत नाहीत. दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा असा पट्टा कागदावर काढून त्यावर बोट ठेवायला सांगा.

आता सर्वांत मोठी चूक. 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि प्रश्नावल्यांमध्ये जोडीलाच एक माणूस धरलं जातं. उचल नवऱ्याच्या हातात, सही किंवा अंगठा त्याचा, हिशेब त्याच्याशी. बाईने ना उचल मागितली, ना तिला कोणी विचारलं, पण काम अर्धं तिचं. वर स्वयंपाक, पाणी, पोरं. तिची मुलाखत वेगळी, बाई मुलाखतकाराने, वेगळ्या जागी आणि शक्यतो त्याच वेळी घ्या; आधी एकाची आणि मग दुसऱ्याची घेतली तर मधल्या वेळात उत्तरं जुळतात. विश्लेषणात एकक माणूस ठेवा. 'अर्धा कोयता' म्हणून गेलेली एकटी बाई किंवा कोवळा पोरगा यांना वेगळा कोड द्या. हे दोघं संख्येने थोडे असतील म्हणून 'इतर' मध्ये ढकलले जातात आणि जोखीम त्यांनाच जास्त असते.

बंजारा तांड्यांवर गोरबोली बोलणारी माणसं लागतील. प्रश्न मराठीतून गोरबोलीत एकाने करावा, न पाहता दुसऱ्याने परत मराठीत आणावा, मग दोन्ही मराठी शेजारी ठेवून बघा. 'सक्ती', 'कर्ज', 'बाकी' या शब्दांवर हमखास फरक निघतो.

टनावारी :

एक उलटं मत. मुकादमांना वगळून हा अभ्यास पुरा होणार नाही. कारखान्याकडून आलेला पैसा वाहतूकदार किंवा मुकादमामार्फत खाली येतो, टोळीतली दोन जोडपी फिरकली नाहीत तर वसुली मुकादमाच्या अंगावर येते, आणि तो ती उरलेल्यांकडून काढतो. ही साखळी न समजता फक्त शेवटची कडी मोजली तर निष्कर्ष "मुकादम वाईट" एवढाच निघेल. मुकादमांच्या ३०-४० मुलाखती घ्या. पण दुसऱ्या गावांत, दुसऱ्या माणसांकडून, आणि मजुरांच्या गावांची नावं त्या चमूला कळू न देता.

दहा_नियम :

सुरक्षिततेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेची तस्करीग्रस्त स्त्रियांच्या मुलाखतींसाठीची २००३ ची तत्त्वं आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं, दोन्ही नीतिसमितीच्या (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीच्या) अर्जाला जोडा. लेखी संमतीचा आग्रह धरू नका. ज्या माणसाचा कोरा चेक कोणाकडे तरी पडून आहे त्याच्याकडून आणखी एका कागदावर सही मागणं बरोबर नाही, आणि तो कागदच त्याच्या सहभागाचा पुरावा ठरतो. सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगी समितीकडे कारणासह मागा.

मुलांबाबत मात्र गुप्ततेचं सरसकट वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास पोक्सोच्या कलम १९ खाली कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. हे संमतीच्या वेळीच, साध्या मराठीत, प्रश्न सुरू व्हायच्या आधी सांगा. अर्धी गोष्ट ऐकून मग "आता आम्हाला पोलिसांना सांगावं लागेल" म्हणणं हा विश्वासघात होतो.

"सोडवा" म्हणणाऱ्या प्रौढ मजुरासाठी : मुलाखतकाराने स्वतः काहीही करायचं नाही. प्रत्येक चमूमागे एक नेमलेला माणूस हवा, जो मुलाखती घेत नाही. त्याच्याकडे जिल्हाधिकारी, प्रांत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांचे आधी बोलून ठेवलेले संपर्क. शिवाय ११२, १८१ आणि मुलांसाठी १०९८. मजुराला विचारायचं : आज, उद्या, की घरी गेल्यावर? हिशेब बाकी असताना केलेली घाईची सुटका पुष्कळदा मजुरी बुडवते आणि मुक्तता प्रमाणपत्राशिवाय पुनर्वसनाची पूर्ण रक्कम अडकते. अशी प्रकरणं हाताळली गेली की ती नमुन्यात राहतील की बाहेर जातील, हेही आधीच लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीत त्यांची परिस्थिती अभ्यासामुळेच बदललेली असेल.

टॅबवरचे फॉर्म कोबोवर (सर्वेक्षणाचं ॲप) चालतील, पण जीपीएस बंद, नाव आणि फोन वेगळ्या फाइलमध्ये, जोडणारी किल्ली विभागातल्या एकाच माणसाकडे. फोटो नकोतच. अहवालात गावाचं नाव नको आणि तक्त्यातला पाचापेक्षा कमी माणसांचा कोणताही चौकोन छापू नका. "अमुक तालुक्यातली अर्धा कोयता गेलेली विधवा" एवढ्यावर मुकादमाला ती कोण हे कळतं.

मसुदेकार :

कराराबद्दल थोडक्यात, कारण भांडणं इथेच होतात. आकडा कमी निघाला तर संस्थेचा निधी धोक्यात, जास्त निघाला तर विभागावर वरून दबाव, मुकादमांबद्दल लिहिलं तर संघटनेच्या वाटाघाटी अडतात. हे आज, आकडा कुणालाच माहीत नसताना, कागदावर आणा. निष्कर्ष काहीही असले तरी छापले जातील. प्रत्येक भागीदाराला मसुदा वाचायला ३० दिवस, असहमती असल्यास ती त्याच्या नावाने अहवालातच छापायची, पण अडवायचा अधिकार कोणालाही नाही. अपवाद एकच : एखाद्या वाक्यामुळे मजुराची ओळख उघड होत असेल तर संघटना किंवा संस्था ते थांबवू शकेल, कारण लेखी देऊन.

मुक्त वर्णनांचं कोडिंग दोघांनी स्वतंत्रपणे करावं, एक विभागातला, एक संघटनेतला, आणि नोंद कोणत्या गावची हे दोघांनाही दिसू नये. पहिल्या ५० नोंदींवर दोघांचा मेळ कप्पाने (दोघांची मतं किती जुळतात याचं माप; १ म्हणजे पूर्ण मेळ) तपासा. ०.७ च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका, नियमावली दुरुस्त करा. आणि मुलाखती घेणाऱ्या गावातल्या मुलामुलींचं मानधन दर मुलाखतीवर नको, दिवसावर ठेवा. नगावर पैसे दिले की फॉर्म भराभर भरतात, प्रश्नांचा मात्र काटा मारला जातो.

गाळप_नोंद :

बरंच काम वाढवलंत, पण नीट दिशा मिळाली. नीतिसमितीचा अर्ज या महिन्यात टाकतो. पायलट पोळ्याच्या आधी, १५ टोळ्यांचं. एक शंका उरली : पहिल्या फेरीत घरयादी करतानाच उचलीबद्दल विचारावं का?

कोपीबाहेर :

नको. त्या दिवसांत सौदे चालू असतात, मुकादम वस्तीत फिरत असतो आणि उचलीचा आकडा विचारणारा प्रत्येक जण दुसऱ्या मुकादमाचा माणूस वाटतो. पहिल्या फेरीत फक्त कोण जाणार, कोणाबरोबर आणि घरी कोण राहणार. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावं नीट लिहून घ्या. परत न आलेल्यांची खबर तीच देतील.